त्र्यंबक साळिंदराचा पन्नास पोत्यांचा लॅपटॉप

एका जंगलात धड पाणवठा नव्हता, धड पायवाट नव्हती, पण इंटरनेट होतं. हसू नका, बालमित्रांनो. आधी काय आणायचं हे ज्याचं त्याचं जंगल ठरवतं.

त्या जंगलात त्र्यंबक नावाचा एक साळिंदर राहायचा. सिंहमहाराजांच्या दरबारात तो हजेरी-कारकून होता. रोज सकाळी कोण आलं आणि कोण आलं नाही, हे तो पळसाच्या पानावर लिहायचा. जे आलं नाही ते रजेवर आहे की महाराजांनी खाल्लं, तेही पुढं लिहायचा. काम सोपं होतं आणि त्र्यंबक ते नेटानं करायचा.

एके दिवशी महाराजांनी फर्मान काढलं. आजपासून पानं बंद, हजेरी लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप ज्याचा त्यानं आणायचा.

त्या जंगलात सगळा व्यवहार हिरड्यावर चालायचा. त्र्यंबकाच्या बिळात पन्नास पोती हिरडा साठवलेला होता. त्याच्या बायकोनं, कुमुदिनीनं, चार उन्हाळे उकिडवं बसून तो वेचला होता. त्यातली थोडी पोती घेऊन जायची असं ठरलं आणि त्र्यंबक भिकोबा कोल्ह्याच्या दुकानात गेला.

"काय काम करणार त्याच्यावर?" भिकोबानं विचारलं.

"हजेरी लिहिणार."

"मग हा साधा घ्या. तीस पोती. वजनाला हलका. सकाळी चार्ज केला की संध्याकाळपर्यंत बघायला नको."

पण त्र्यंबकाचं लक्ष शेजारच्या यंत्राकडे होतं. काळंकुट्ट, कोपरे टोकदार, आणि बटणांच्या खालून लाल, निळे, हिरवे दिवे पळत होते. साळिंदराला टोकदार वस्तूंचं मूळचंच आकर्षण.

"आणि तो?"

"तो गेमिंगचा. पन्नास पोती. गेमिंगमधला सगळ्यांत स्वस्त."

"म्हणजे चांगला?"

भिकोबानं डोकं खाजवलं. "खेळायला झकास. या किमतीत असलं ग्राफिक्स कार्ड दुसरीकडं मिळायचं नाही, छातीठोक सांगतो. पण सगळा पैसा त्या कार्डात गेलाय. बाकी ठिकाणी कंपनीनं हात आखडता घेतलाय. स्क्रीन अंधूक आहे, उन्हात काही दिसत नाही. बॅटरी तासभर. वजन बघा उचलून. तापतोही. तुम्ही खेळता का?"

"पत्ते खेळतो. गणपतीत."

"मग साधाच घ्या, साहेब."

आता इथं जरा थांबा, मुलांनो. कोल्हा खरं बोलला होता. तो काही संत नव्हता. माल परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांशी भांडून त्याचा घसा बसला होता, इतकंच. पण त्र्यंबकाच्या आईनं त्याला लहानपणी कोल्ह्याच्या अकरा गोष्टी सांगितल्या होत्या आणि अकराही गोष्टींत कोल्हा लबाड होता. असा संस्कारी साळिंदर कोल्ह्याच्या बोलण्याला थोडंच भुलणार?

"मला तीस पोत्यांचा घ्यायला सांगतोय," त्र्यंबक घरी येऊन कुमुदिनीला म्हणाला. "पन्नासवाला देत नाही. म्हणजे काय ते समज. साधा पडून राहिला असणार, तो माझ्या गळ्यात मारतोय."

"अहो, पण तुम्हाला हजेरीच लिहायचीय ना?"

"असू दे गं. पुढंमागं लागलं तर."

"काय लागणार आहे पुढंमागं?"

"ते पुढंमागं कळेल."

"म्हणजे उद्या पाहुणे येतील म्हणून आज शंभर माणसांचा भात टाकायचा?"

यावर त्र्यंबकानं तिला ओजस पोपटाचा व्हिडिओ दाखवला. ओजस यंत्रांची परीक्षणं करायचा. कंपनी त्याला यंत्र तीन दिवस वापरायला द्यायची आणि टोपलीभर पेरू कायमचे. ओजस फांदीवर उलटा लटकून ओरडत होता, "मित्रांनो, पन्नास पोत्यांत एवढं सगळं? पैसा वसूल! पैसा वसूल!" कुमुदिनीनं विचारलं, हा पोपट स्वतः कुठला वापरतो? त्र्यंबकाला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी पन्नासच्या पन्नास पोती भिकोबाच्या दुकानात गेली.

लॅपटॉप घरी आला. त्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेजारीपाजारी बघायला आले. शांता भेकरही आली. भेकर म्हणजे ते छोटं हरीण, जे कुत्र्यासारखं भुंकतं. शांताबाईंनी एकदा तोंड उघडलं की बातमी तीन डोंगर ओलांडायची. त्र्यंबकानं दिवे लावून दाखवले. सगळे "अबब" म्हणाले. साळिंदराच्या घराण्यात इतके दिवस कुणाला बघून कुणी "अबब" म्हटलं नव्हतं. लोक आपले लांबूनच नमस्कार करायचे. त्र्यंबकाला फार बरं वाटलं. त्या एका दुपारीच पोती वसूल झाली, असं त्याला वाटलं.

मग दरबार भरला.

दरबार उघड्या खडकावर भरायचा. खडकावर प्लग नव्हता आणि ऊन रणरणत होतं. त्र्यंबकानं झाकण उघडलं तर स्क्रीनमध्ये त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. यंत्र मांडीवर घेतलं तर मांडी भाजली. खाली ठेवलं तर आतला पंखा असा काही घोंघावू लागला की डुलकी घेत असलेले महाराज दचकून जागे झाले.

"कोण गुरगुरतंय माझ्यापुढं?"

"पंखा आहे, महाराज."

"त्याचं नाव हजेरीत आहे का?"

"नाही, महाराज."

"मग बंद कर."

तसा तो तासाभरात आपोआप बंद झालाच. पाऊण दरबाराची हजेरी राहिली. त्र्यंबकानं इकडंतिकडं बघितलं, हळूच एक पळसाचं पान तोडलं आणि उरलेली नावं त्यावर लिहिली. घरी जाऊन त्यानं ती यंत्रात भरली. पुढं रोज हेच चाललं. पूर्वी हजेरी एकदा लिहावी लागायची, आता दोनदा. शिवाय डोंगर चढताना पाठीवर लॅपटॉप, आणि त्याच्या चार्जरचं ते विटेएवढं धूड वेगळं.

एकदा सुट्टीच्या दिवशी त्यानं खेळून पाहिलं. खोटं कशाला बोला, खेळ कुठंही न अडखळता चालला. गाडी वाऱ्यासारखी पळाली, झाडाचं पान न् पान दिसलं. त्र्यंबकानं ती गाडी अकरा वेळा झाडावर आपटली, मग घाम पुसला आणि यंत्र मिटलं. परत काही तो त्या वाटेला गेला नाही. कुमुदिनीनं मात्र उपयोग शोधला. हजेरी भरताना यंत्र तापलं की ती शेजारी ताट ठेवून पापड सुकवायची.

"तेवढंच काहीतरी वसूल," ती म्हणायची. ती चिडून म्हणायची की समजुतीनं, हे विचारायची त्र्यंबकाची छाती झाली नाही.

रस्त्यात कुणी विचारलं, "काय त्र्यंबकराव, कसा आहे नवा लॅपटॉप?" तर तो मान उंचावून म्हणायचा, "अहो, मशीन आहे की चेष्टा!" पन्नास पोती गेल्याचं दुःख त्याला होतंच. पण ती मूर्खासारखी गेली हे दुसऱ्या कुणाला कळेल, ही भीती त्याहून मोठी होती. कोल्हा खरा निघाला आणि आपण खोटे ठरलो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

असा महिना गेला आणि एके दिवशी दुपारी वामन कासव आला.

वामन हा त्र्यंबकाचा बालमित्र. लहानपणी बाकी कुणी त्र्यंबकाशी खेळायचं नाही, काटे टोचतात म्हणून. वामनच्या पाठीला काटे टोचत नसत. तेव्हापासूनची ही मैत्री.

"त्र्यंबक, एक सल्ला पाहिजे," वामन अंगणात टेकत म्हणाला. "आमच्या सरोजला सुगरणीच्या शाळेत प्रवेश मिळालाय. घरट्यांचे आराखडे काढायला शिकणार पोरगी. आमच्या सात पिढ्या पाठीवर घर घेऊन हिंडल्या, पण घर बांधायला कुणी शिकलं नाही रे. ती पहिली."

"वा! फार छान!" त्र्यंबक म्हणाला, आणि त्याला मनापासून आनंद झाला होता.

"तिला लॅपटॉप लागणार. आठ वर्षांत पन्नास पोती जमवलीत. तेवढीच आहेत. तुझ्यासारखाच घ्यावा म्हणतोय. आराखड्यांना ग्राफिक्स कार्ड लागतं म्हणे."

त्र्यंबकानं विचारलं, "शाळा भरते कुठं?"

"बाभळीखाली. उघड्यावरच. सुगरणबाईंना भिंती आवडत नाहीत."

"प्लग असेल ना?"

"बाभळीला कुठला प्लग?"

"आणि जायचं कसं?"

"चालत. तळ्यापासून पाऊण कोस. पाठीवर घेऊन जाईल. भिकोबा म्हणत होता की हा नका घेऊ, त्याच्याकडं गेल्या वर्षीचा एक हलका आहे, आराखड्यांपुरतं कार्ड आहे, बॅटरी टिकते, तेवढ्याच पोत्यांत देतो. पण तो कोल्हा! जुना माल खपवत असणार. तू सांगशील तो घेतो. तू वापरतोयस. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?"

ऊन. प्लग नाही. पाठीवर ओझं. त्र्यंबकाला एकेक गोष्ट माहीत होती. त्याच्या मांडीवर अजून भाजल्याचा डाग होता. नुसतं "नको घेऊस" एवढं म्हणायचं होतं. ते शब्द त्याच्या जिभेपर्यंत आलेही.

तेवढ्यात कुंपणापाशी शांता भेकर दिसली. ती पाला खात होती, पण तिचे दोन्ही कान अंगणाकडे वळलेले होते. त्र्यंबक साळिंदर पन्नास पोत्यांना बुडाला, ही बातमी दिवेलागणीपर्यंत महाराजांच्या गुहेत पोचली असती.

"डोळे मिटून घे," त्र्यंबक मोठ्यानं म्हणाला. "मशीन आहे की चेष्टा!"

वामननं त्याचा हात हातात घेतला. काटे टोचले असतील, पण त्यानं हात सोडला नाही.

सरोजचा लॅपटॉप आला. शाळेच्या पहिल्या दिवशी ती पहाटेच निघाली आणि ओझ्यामुळं पहिला तास संपता संपता पोचली. दुसऱ्या तासाला उन्हात तिला स्क्रीनवरची रेघ दिसेना. तिसरा तास सुरू झाला तेव्हा यंत्र मेलं होतं. बाकीची पाखरं आराखडे काढत होती, आणि ती मिटलेल्या झाकणावर हात ठेवून बसली होती. पंधरा दिवस असं चाललं. मग सुगरणबाई म्हणाल्या, "बाळ, पुढच्या वर्षी तयारीनं ये." पोरगी घरी आली ती थेट तळ्याच्या तळाशी जाऊन बसली.

वामन पुन्हा त्र्यंबकाच्या अंगणात आला. त्या वेळी बिळात हजेरी भरायला लॅपटॉप लावलेला होता. पंखा घोंघावत होता.

"त्र्यंबक, खरं सांग," वामन म्हणाला. "तुझाही असाच तापतो का? तुझीही बॅटरी तासातच जाते का?"

कुंपणापाशी आज कुणीही नव्हतं.

त्र्यंबकानं वामनकडे पाहिलं. आता खरं सांगायचं म्हणजे दोन खोट्या गोष्टी कबूल करायच्या, जंगलभर मारलेली बढाई आणि मित्राला दिलेला सल्ला. "नाही बुवा," तो म्हणाला. "माझा एकदम थंड. तुझ्या नशिबाला नेमका खराब आला असेल."

वामननं कान दिला. "आत आवाज कसला येतोय?"

"काही नाही. कुमुदिनी दळतेय."

कुमुदिनी तेव्हा चहाचे दोन पेले घेऊन त्या दोघांच्या समोर उभी होती.

वामननं तिच्याकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं. वामननं चहा घेतला, शेवटच्या घोटापर्यंत प्याला, पेला पालथा ठेवला.

"चांगला झालाय हो चहा, वहिनी," तो म्हणाला, आणि मान आत ओढून घेऊन तळ्याकडे निघाला. अंगण ओलांडायला त्याला बराच वेळ लागला. हाक मारायला तेवढा वेळ पुष्कळ होता. त्र्यंबकानं हाक मारली नाही.

तात्पर्य : एखादी वस्तू पैशाच्या मानानं चांगली आहे का, हे दुकानदाराला कधीही विचारू नये, तो एखाद्या वेळी खरं सांगून बसतो. ज्यानं ती वस्तू आधीच विकत घेतली आहे, अशा जिवलग मित्रालाच विचारावं.