दार आपोआप का उघडतं?

महिनाअखेरपर्यंत सर्चच्या पहिल्या पानावर यायचंच, असं रंधामामांनी जाहीर करून टाकलं होतं. मामांनी एकदा ठरवलं की लाकडालाही ऐकावं लागतं, असं मामाच सांगत. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. तीस वर्षं हातात रंधा, म्हणून रंधामामा. दार दुरुस्त करावं तर त्यांनीच. पण लोक सुतार शोधायला आता गल्लीत येत नव्हते, फोनमध्ये बघत होते, आणि फोनमध्ये मामा त्रेसष्टावे होते. या महिन्यात कामं आली नाहीत तर वर्कशॉपला कुलूप लावून मेव्हण्याच्या शोरूममध्ये कारखान्याची दारं विकायची, हेही ठरलं होतं. त्या दारांवरून हात फिरवला की मामांना मेलेल्या माशाला शिवल्यासारखं व्हायचं.

वेबसाइट भाचीने बनवून दिली होती. ती एका रविवारी भुश्शात स्टूल रोवून बसली.

"मामा, सर्चमधलं दुसरं पान म्हणजे मसणवट. तिथे कुणी आपल्या पायांनी जात नाही."

मामांनी पानावर ‘अस्सल सागवानी कलाकुसर’ असं लिहिलं होतं. तसं कुणी शोधतच नाही, असं भाचीचं म्हणणं. माणूस आधी आपलं दुखणं लिहितो, वैद्याचं नाव त्याला कुठे ठाऊक असतं? मग तिने लोक काय काय विचारतात त्याची यादीच काढून दाखवली. दार करकरतं. दार अडकतं. आणि सगळ्यात जास्त वेळा, पुन्हा पुन्हा, कुठल्या कुठल्या घरांतून एकच प्रश्न: दार आपोआप का उघडतं?

मामांच्या हातावर काटा आला. "एवढी दारं उघडतात?"

"एवढी माणसं एकटी असतात," भाची म्हणाली आणि पान लवकर उघडावं म्हणून कपाटांचे अवजड फोटो लहान करत बसली.

मामांनी त्याच प्रश्नाचं शीर्षक देऊन उत्तर लिहिलं. चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसली तर काय होतं, बिजागरी झिजली तर काय, उन्हाने लाकूड आखडलं की कडी खाचेतून कशी निसटते, सगळं आकृतीसकट. फक्त सुरुवात जरा गोड असावी म्हणून त्यांनी आई गुणगुणायची ते दोन चरण वर घातले:

*वारा नाही, वावटळ नाही, दार कुणी उघडलं?*
*गेलं माणूस माघारी आलं, घर त्यानं ओळखलं.*

आणि त्याखाली स्पष्ट लिहिलं: हे साफ खोटं आहे. बिजागरी तपासा.

दहाव्या दिवशी मामा पहिले आले. नुसते पहिले नाहीत, सगळ्यांच्या वर चौकटीत! लोकांनी प्रश्न विचारायचा आणि सर्चने मामांचं उत्तर मोठ्या अक्षरांत दाखवायचं. पण चौकटीत जागा दोनच ओळींची. सर्चने ते दोन चरण उचलले, खाली मामांचा फोन नंबर लावला. खोटं आहे म्हणणारी ओळ चौकटीबाहेर राहिली.

फोन सुरू झाले. एका बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, आलेल्या माणसाला बसा म्हणावं की ते आपणच बसतं? मामा म्हणाले, तीन इंची स्क्रू लावा. दुसऱ्या एकाची तक्रार होती की शेजाऱ्यांचं दार उघडतं, आपलं मेलं उघडत नाही. काही करता येईल का? तिसरा फोन नुसताच श्वास घेत होता. मामांनी घाबरून त्यालाही स्क्रूच सांगितले.

भाचीने ते चरण लगेच काढून टाकले. तरी चौकट तशीच. सर्चचं यंत्र पान पुन्हा वाचून जाईल तेव्हाच ती बदलेल, असं ती म्हणाली.

"कधी येतं ते?"

"त्याच्या मर्जीने. येतं, वाचतं, जातं. आपल्याला दिसत नाही."

मामांनी वर्कशॉपच्या दाराला आतून कडी घातली.

अशात घड्याळजींचा फोन आला. घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, घरी एकटे. त्यांचं दार दुपारी चारला उघडायचं, पण तीन दिवस उघडलं नव्हतं. तुम्ही पाहून जा, म्हणाले. मामा गेले ते खरं सांगायलाच. आपल्या नावावर कुणी खोटी आशा धरून बसावं, हे त्यांच्या कारागिरीत बसत नव्हतं.

भिंतभर घड्याळं, आणि सगळी एका ठेक्यात चाललेली. दारासमोर रिकामी खुर्ची. मामांनी ओळंबा सोडला, कडी पाहिली, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग टोपी काढून म्हणाले, "दादा, हे ऊन आहे. पश्चिमेचं ऊन दारावर येतं, लाकूड आखडतं, कडी निसटते. तीन दिवस ढग आहेत, म्हणून उघडलं नाही."

घड्याळजींनी दोन कप चहा ओतला. एक मामांना दिला, दुसरा खुर्चीपाशी ठेवला. "ऊन रोज थोडं मागेपुढे होतं, मामा," ते शांतपणे म्हणाले. "ही शिवणवर्गातून यायची ती चारला म्हणजे चारला."

बाहेर आभाळ राखेसारखं गच्च होतं. म्हातारा दाराकडे बघत राहिला. तीस वर्षांत न केलेलं पाप करायचं मामांनी ठरवलं. "कडीला जरा कानस मारतो," ते पुटपुटले. "ढगातसुद्धा उघडेल."

पिशवी उघडायला ते वाकले, तोच सगळ्या घड्याळांनी एकदम चारचे टोले दिले. त्या आवाजात कडी हलल्याचं ऐकू आलं नाही. दार मात्र उघडलं, सावकाश, हातात पिशव्या असलेलं माणूस खांद्याने लोटतं तसं. पडदा हलला नाही. चहाची वाफ सरळ वर जात होती.

रंधामामा भिंतीला चिकटून उभे राहिले. वाट मोकळी करून दिली. "या, वहिनी," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते आपणच म्हणालो हे त्यांना जिना उतरून अर्धी गल्ली धावल्यावर कळलं.

रविवारी भाचीने फोन पुढे धरला. यंत्र येऊन गेलं होतं. ती चौकट नाहीशी झाली होती. पण मामा अजून पहिलेच होते, आणि नावाखाली आयुष्यातला पहिला अभिप्राय झळकत होता, पाच तारे लावून:

"कारागीर आले, चहा प्यायले, कामाला हात न लावता पळून गेले. अत्यंत समाधानी आहे."

त्या दुपारपर्यंत तशाच कामासाठी एकोणीस फोन येऊन गेले होते.