साळुंकीबाईंनी मारवा ऐकला

एका जंगलात, बाळांनो, आठ महिने बर्फ असायचा आणि उरलेले चार महिने बर्फाच्या गप्पा. ते जंगल आपलं नव्हे. सातासमुद्रापलीकडचं. पण आपल्याकडची बरीच जनावरं तिथे जाऊन राहिली होती. का गेली ते विचारू नका. विचारलं की ती तासभर सांगतात आणि तरी कळत नाही.

त्यांत एक साळुंकी होती. लहानपणी आपल्याकडच्या रानात, आईच्या पंखाखाली बसून तिने दयाळबुवांचा मारवा ऐकला होता. दयाळ म्हणजे तो काळापांढरा, गोड गळ्याचा पक्षी. आणि मारवा म्हणजे दिवस मावळताना गायचा राग. तो ऐकताना ती चोचीतला दाणा गिळायचं विसरायची. परक्या बर्फात आल्यावर साळुंकीबाईंना घरची दुसरी कसली आठवण यायची नाही, मारव्याची मात्र रोज यायची.

म्हणून त्यांनी चार ओळखीच्यांना जमवून ‘नादसंवर्धन मंडळ’ काढलं. दरवर्षी बुवांना बोलवायचं आणि पोटभर मारवा ऐकायचा, एवढाच हेतू.

भोळी बिचारी! मंडळ काढलं की गाणं ऐकायला मिळतं, असं वाटलं तिला!

मंडळात सगळे स्वयंसेवक. पगारी कुणी नाही. गवा अध्यक्ष झाला, कारण तो कुठेही उभा राहिला तरी मधोमधच दिसायचा. तरस चिटणीस झाला, कारण त्याला याद्या करायचा नाद होता. दारात पाहुण्यांना बिल्ले टोचायचं काम साळिंदराकडे गेलं. नाचाचे वर्ग चालवणारी लांडोर आपल्या बावीस शिष्यांच्या वेण्या घालण्यात बुडाली. आणि चहा-बटाटेवडे आले साळुंकीबाईंकडे, कारण त्या चहा फक्कड करायच्या. बाळांनो, जन्मात कधी फक्कड चहा करू नका.

अकरा वर्षं बुवा येत राहिले. अकरा वर्षं साळुंकीबाई गुहेच्या मागच्या चुलीपाशी होत्या. मावळतीचा मारवा बुवा भर दुपारी दोनला गायचे, कारण साडेचारला ती गुहा लांडग्यांच्या लग्नाला दिलेली असायची. भिंतीपलीकडून एखादा सूर यायचा. बाई कान टवकारायच्या. तेवढ्यात कुणीतरी डोकं आत घालायचंच.

“बाई, बिनसाखरेचे किती?”

बाराव्या वर्षी बुवांचं पत्र आलं. ‘आता वय झालं. एवढा लांबचा प्रवास झेपत नाही. यंदाची खेप शेवटची.’

बाईंनी पत्र पदरात खोचलं. त्यांनी तरसाला गाठलं.

“तरसभाऊ, यंदा चहाचं दुसऱ्या कुणाकडे द्या हो. मला मारवा ऐकायचाय.”

तरसाने यादी काढली, वरपासून खालपर्यंत पाहिली. “रिकामं आहे कोण, बाई? आणि मंडळ काढलंत तुम्ही. तुम्हीच बसून राहिलात तर बरं दिसेल का?”

“एकदाच हो. शेवटचंच आहे.”

“मी तरी कुठे ऐकलंय? अकरा वर्षांत एक सूर कानावर पडला नाही. कधी कुरकुर केली?” हे तो छाती फुगवून म्हणाला.

बाई अध्यक्षांकडे गेल्या. गवेसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “ऐकायचं काय, बाई, ते कुणीही ऐकतं. चहाला तुम्हीच हव्यात.”

झालं. कार्यक्रमाच्या दिवशी बाईंनी मुकाट्याने दूध चुलीवर चढवलं. आत तंबोरा छेडला गेला. बाईंनी झारा ठेवला, पदर झटकला आणि सरळ गुहेत जाऊन तिसऱ्या रांगेत बसल्या.

बसल्या आणि चमकल्याच. गुहा रिकामी! दोनशे दगड मांडलेले. प्रत्येक दगडावर जागा धरायला शाल टाकलेली. शाली आल्या होत्या, शालवाले नव्हते. कारण, बाळांनो, मंडळ एवढं भरभराटलं होतं की जंगलातलं एकूण एक जनावर कुठल्या ना कुठल्या समितीवर होतं. कुणी बूट राखत होतं. कुणी बूट राखणाऱ्यांना पाणी नेऊन देत होतं. कुणी त्या दोघांचे फोटो काढत होतं.

बुवांनी डोळे उघडले. “कुणाला शोधताय का, बाई?”

“नाही, बुवा. ऐकायला बसलेय.”

बुवांनी तंबोरा पुन्हा नीट जुळवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

काय गायले म्हणून सांगू! मारव्यात षड्ज, म्हणजे सा, लवकर भेटत नाही. गाणारा त्याच्या जवळ जातो आणि परत फिरतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. साळुंकीबाईंना आईच्या पंखाची ऊब आठवली. त्या ढसाढसा रडल्या. मधेच दूध करपल्याचा वास आला. सवयीने त्यांचे पंख उचलले गेले. त्यांनी ते मिटले.

“जळू दे मेलं,” असं म्हणून त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या.

गाणं संपलं आणि बाहेर हलकल्लोळ माजला. शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमात चहा नाही! आपल्या संस्कृतीचं या देशात होणार तरी काय? तिथल्या तिथे तातडीची बैठक भरली. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.

इतक्यात बुवा निरोप घ्यायला आले. म्हणाले, “बारा वर्षं येतोय. आज पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं. असं ऐकणारं असेल तर पुढच्या वर्षीही येईन.”



“ऐकलं?” गवेसाहेब तरसाकडे वळले. “ऐकायचं काम कुणाकडे होतं?”

तरसाने यादी उलटीपालटी केली. “कुणाकडेच नाही, साहेब. हे खातं बारा वर्षं रिकामंच राहिलंय.”

“एवढं महत्त्वाचं खातं!” गवेसाहेब कडाडले.

लगेच ठराव झाला. श्रवण समिती स्थापन झाली. चाळीस सभासद, निळे बिल्ले, प्रत्येकी वीस मिनिटांची पाळी. माना डोलवायची तालीम दर रविवारी. प्रमुखपद एकमताने साळुंकीबाईंना, कारण या कामाचा अनुभव जंगलात त्यांनाच. चहा अर्थातच त्यांच्याकडेच राहिला. टाळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी बुवा शब्दाला जागून आले. आत निळे बिल्ले माना डोलवत होते. साळुंकीबाई दाराबाहेर यादी घेऊन उभ्या होत्या. एका कोल्ह्याला पडसं झालं होतं आणि त्याच्या जागी कुणी मिळत नव्हतं.

“आत काय चाललंय?” पाळीसाठी आलेल्या अस्वलाने विचारलं.

बाईंनी यादीत पाहिलं.

“मारवा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोन वीसला. तोवर इथेच थांबा.”

तात्पर्य : बाळांनो, कलेवर प्रेम जडलंच तर ते चोरून करावं. मंडळाला कळलं की ते खातं आपल्याकडे येतं.