थेंबांवरून वेग

जिथे रस्ता असतो तिथे कायदा असावाच लागतो, आणि जिथे सरकारचा कायदा पोचत नाही तिथे सज्जनांनी आपली खुर्ची टाकून बसावं. रत्नागिरीच्या सड्यावरच्या आमच्या ‘सिंधुछाया’ संकुलात असे सात सज्जन एकाच वेळी निघाले, हे आमचं भाग्य.

संकुलाचा रस्ता फाटकापासून बी विंगपर्यंत एकशे चाळीस पावलांचा. (पावलं अध्यक्ष महिपतरावांची.) एका हवालदाराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “आतला रस्ता तुमचा. तुमचं तुम्ही बघा.” एवढ्या वाक्यावर अंतर्गत वाहतूक नियंत्रण समिती स्थापन झाली. वेगमर्यादा ताशी दहा किलोमीटर.

वेग मोजायचा कसा, हे सचिव संदेश यांनी शोधून काढलं. रोज मासे विकायला येणाऱ्या मैनाच्या स्कूटरला मागे पाटी बांधलेली असते आणि तिच्यातून बर्फाचं पाणी गळतं. दोन थेंबांमधलं अंतर वाढलं म्हणजे वेग वाढला. हे शास्त्र आहे. संकुलातली बाकीची बावन्न वाहनं गळत नाहीत. त्यामुळे त्यांचा वेग सिद्ध होत नाही, आणि पुराव्याशिवाय कोणाला दोषी धरणं आम्हाला पटत नाही. (संदेश यांची गाडी तुळशीवृंदावनावर चढली तेव्हाही तिथे एक थेंब सापडला नाही.)

खाजगी समितीला दंड म्हणून पैसे घेता येत नाहीत, हा नियम आम्ही कसोशीने पाळला. वेगमर्यादा ओलांडली तर एक पापलेट. हॉर्न वाजवला तर दोन बांगडे. (हॉर्न वाजला नाही तर मासे आल्याचं कळत नाही, ही तक्रार वेगळ्या वहीत लिहावी.) समितीशी वाद घातला तर सुरमईची एक तुकडी, मधली. शेपटीकडची चालणार नाही, ठराव चौदा.

सहा महिन्यांचे आकडे बोलके आहेत. एकूण गुन्हे एकाहत्तर. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी शून्य. संकष्टीला शून्य. नवरात्रात शून्य. ए विंगमधली चार घरं वार पाळत नाहीत म्हणून मैना रोजच येते, पण उपवासाच्या दिवशी ती फार जपून गाडी चालवते. तिथीवाराचा वाहनचालकाच्या मनावर परिणाम होतो, असा निष्कर्ष समितीने अहवालात नोंदवला आहे.

मैनाचा नवरा गंगाराम पाठीच्या दुखण्यामुळे होडीवर जात नाही. घर चालतं ते ह्या पाटीवर, आणि पाटीतला मोठा मासा फाटकातच गेला की मागे राहतं ते कोणाला नको असतं. समितीने ह्याचा सहानुभूतीने विचार केला. (विचार केल्याची नोंद आहे.)

एका रविवारी तिने विचारलं, “काय वो महिपतराव, काल पन मी अशीच आल्ये. काल नाय दिसले थेंब?”

“काल शनिवार होता, मैना.”

“मग काय शनवारी बर्फ वितळत नाय?”

“हा वाद झाला,” महिपतराव शांतपणे म्हणाले, आणि तिला सुरमई कापायला लावली.

पुढच्या रविवारी ती आली ती कोरडीच. पाटीखाली घमेलं बांधलेलं, रस्त्यावर एक थेंब नाही. समितीने तिला उन्हात उभी करून तातडीची सभा घेतली. पुरावा नष्ट करणे हा गुन्हा दरपत्रकात नव्हता, म्हणून सर्वात वरचा दंड ठरला: पाटी जमा.

“घ्या की,” मैना म्हणाली. “स्कूटर पन घ्या. उद्या पहाटे जेट्टीवर म्हावरं आनायला तुमी सातजन जावा. आनि येताना सावकाश या, महिपतराव.”

तिने गाडी वळवली आणि फाटकाबाहेर, सरकारी रस्त्याच्या कडेला पाटी उतरवली. तिथे समितीचा अधिकार संपतो. एकही ठराव न होता कायदा उठला.

दहा वाजेपर्यंत अकराजण पिशव्या घेऊन बाहेर आले, त्यांत समितीचे सातही. महिपतरावांनी बांगड्यांचे दोन वाटे घेतले आणि मायेने म्हणाले, “घरचीच आहेस गो तू. एक वर टाक.”

मैनाने त्यांच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि टाकला. मग संदेश यांना टाकला. मग मलाही. कायदा होता तोवर तिचे दिवसाला एक-दोन मासे जायचे, तेही वार बघून. त्या सकाळी अकरा गेले, आणि पावती कोणीच मागितली नाही.

आमच्या समितीला तुम्ही खुशाल हसा. परवा तुमच्या दारात पाटी उतरली तेव्हा तुम्हीही एक वर टाकायला सांगितलंत, आणि तिने टाकला तेव्हा तुम्हाला वाटलं, किती माया करते ही आपल्यावर.