वॉल्टरचा संकोच

वॉल्टर जेवत नव्हता आणि त्यामुळे व्हर्लिन हॉगनच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. वॉल्टर म्हणजे साप. पेन्सिलीएवढा, केशरी रंगाचा, बिनविषारी, अंड्यातून नुकताच बाहेर आलेला. व्हर्लिनच्या नातीने, ब्रिटने, तो हौसेने विकत घेतला होता आणि वसतिगृहात साप चालत नाही हे कळल्यावर आजोबांच्या गळ्यात मारला होता.

जाताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजोबा, एकदा खायला लागला की काळजी नाही. नाही लागला तर..." पुढचं तिला बोलवेना. तेव्हापासून ती रोज फोन करी आणि व्हर्लिन रोज सांगे, "खातोय गं, छान खातोय." जन्मभर शाळेची बस चालवताना कधी सिग्नल न तोडलेला हा माणूस नातीशी धडधडीत खोटं बोलत होता.

प्रयत्नांत मात्र कसूर नव्हती. उंदराचं गोठवलेलं गुलाबी पिल्लू कोमट पाण्यात ठेवून तो चिमट्याने वॉल्टरच्या तोंडापुढे नाचवी. "थोडंसं घे रे. चव तरी बघ." वॉल्टर तोंड फिरवून पाण्याच्या वाडग्यामागे जाऊन बसे.

"भूक नसेल त्याला," त्याची बायको लव्हॉन दारातूनच म्हणे. सापाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा तिचा नेम होता.

"भूक आहे. संकोच करतोय."

"मग आपल्याच गावचा दिसतोय."

हे मात्र खरं होतं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या त्या गावात पुढे केलेली बशी पहिल्यांदा कोणी घेतच नसे. आधी "नको, नको", मग "कशाला त्रास", मग "आता एवढा आग्रहच आहे तर". दिलेली वस्तू परत मागायची नाही आणि पदार्थ पार फसला असेल तरी "वेगळाच झालाय" एवढंच म्हणायचं, ही तिथली रीत.

शेवटी व्हर्लिनने साप विकणाऱ्या दुकानातल्या मुलीला फोन केला.

"काका, तुम्ही समोर बघत बसता ना?"

"मग? घरचं माणूस जेवताना उठून जायचं?"

"जायचं. साप आणि पिल्लू कागदी पिशवीत घाला, तोंड दुमडा, उबदार अंधाऱ्या जागी ठेवा आणि विसरून जा."

उबदार अंधारी जागा म्हणजे दाराजवळचं कोटांचं कपाट. व्हर्लिनने तिथल्या फळीवर पिशवी ठेवली आणि विसरायला म्हणून गावात कॉफी प्यायला गेला. त्याच दुपारी लव्हॉनकडे चर्चच्या बायका यायच्या होत्या. लिंबाच्या जास्तीच्या वड्या पाहुण्या येण्याआधीच कागदी पिशव्यांत भरून त्याच फळीवर ठेवायची तिची पद्धत होती, कारण एक हात कोटाच्या बाहीत अडकलेल्या बाईला धड नकार देता येत नाही.

व्हर्लिन परतला तेव्हा फळीवर एकच पिशवी होती आणि तिच्यात वड्या होत्या.

"इथली माझी पिशवी कुठाय?"

"डार्लिस शेवटी निघाली, तिला एक दिली. नको नको म्हणत होती, बळेच कोंबली हातात."

"लव्हॉन, त्यात वॉल्टर होता."

लव्हॉन खुर्चीत बसली. "मी तिला म्हटलं, ताजं आहे, आजच संपव."

"फोन कर तिला."

"आणि काय सांगू? दिलेलं परत दे?"

ताबडतोब जावं, तर जेवायची वेळ झालेली. अशा वेळी कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे ताट मागणंच. त्यामुळे व्हर्लिन सकाळी गेला. डार्लिस एकटीच राहत असे. तिचा नवरा ग्लेन जाऊन वर्ष झालं होतं. तिने कॉफी ओतली.

"थंडी पडली," व्हर्लिन म्हणाला.

"पडली. वाराही आहे."

"वारा आहेच." त्याने कॉफी संपवली, नको नको म्हणत आणखी घेतली आणि मग घसा खाकरला. "ते, लव्हॉनने दिलेलं, कसं होतं?"

डार्लिसने कप खाली ठेवला. "वेगळंच होतं."

"तुम्ही खाल्लंत?"

"मी नाही. ग्लेनने खाल्लं."

ग्लेनच्या अंत्यविधीला व्हर्लिन स्वतः हजर होता. शवपेटीला खांदाही दिला होता. एकट्या बाईला असले भास होतात हे त्याने ऐकलं होतं, पण भासाने उंदीर खाल्ल्याचं ऐकलं नव्हतं. त्याने जपून विचारलं, "आवडलं का त्याला?"

"या, दाखवते."

आतल्या खोलीत ग्लेनची मासे पाळायची जुनी काचेची पेटी होती. वर घट्ट जाळी, बाजूला दिवा, आत घडी घातलेला मऊ टॉवेल. त्यावर वॉल्टर पडला होता आणि त्याच्या मध्यावर चांगला फुगवटा आला होता.

"पिशवी उघडली आणि काळजात धस्स झालं," डार्लिस म्हणाली. "ओरडणार होते, पण शेजारी काय म्हणतील? मग वाटलं, लव्हॉनने विचार करूनच दिलं असणार. घर खायला उठतं, हे तिला कळलं. पिशवी बंद करून भांडी घासत बसले. परत पाहिलं तर उंदीर गायब. आमच्या ग्लेनचंही असंच होतं. कोणी बघत असलं की घास घ्यायचा नाही. म्हणून त्याचंच नाव ठेवलं." तिने डोळे टिपले. "तो गेल्यापासून लोकांनी डबे पुष्कळ दिले हो. सोबत कोणी दिली नव्हती."

वॉल्टर जेवला, या आनंदाने व्हर्लिनला रडू येत होतं आणि आता तो परत कसा मागायचा, या विचाराने घाम फुटला होता. वाक्य तो घरून पाठ करून आला होता. तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "पुढचा उंदीर आमच्या फ्रीजमध्ये आहे. आणून देईन."

"नको, नको. कशाला त्रास."

घरी लव्हॉन दारातच उभी होती. "आणलास?"

"त्याने खाल्लं."

"मी विचारलं, आणलास का?"

"कसा आणू? तू इतका विचार करून दिलास म्हणून ती रडली."

लव्हॉन आत जाऊन खुर्चीत बसली. तेवढ्यात ब्रिटचा फोन आला.

"आजोबा, खातोय ना?"

"खातोय," व्हर्लिन म्हणाला. पहिल्यांदाच खरं बोलत होता, तर नेमका आवाज कापला.

ब्रिट लगेच घाबरली. "असं का बोलताय? दाखवा मला. आत्ता, व्हिडिओवर."

व्हर्लिनने फोन छातीशी दाबून धरला आणि बायकोकडे पाहिलं. लव्हॉन उठली. तिने फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, उंदराचं एक पिल्लू उघड्या हाताने उचललं, कागदी पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड नीट दुमडलं.

"रिकाम्या हाताने जाऊ नकोस," ती म्हणाली. "आणि वाटेत ब्रिटला समजावून सांग, डार्लिससमोर त्याला ग्लेनच म्हणायचं."