फ्रिजमधली किल्ली

हेडक्लार्कसाहेबांनी आयुष्यात स्वतःहून कुणाला काही देऊ केलं असेल, तर तो सल्ला. त्यामुळे जेवताना ते लेकीला म्हणाले, "तुमचं रेकॉर्डिंग आपल्या बाहेरच्या खोलीत करा की," तेव्हा लेकीचा घास हातातच राहिला आणि बायकोने डोळे बारीक केले.

लेकीचा मित्रमैत्रिणींचा एक गट होता. कुणी वेल्डर, कुणी शिवणकाम करणारी, कुणी चपला झिजवूनही नोकरी न मिळालेला. कामकरी माणसांच्या आणि आपल्यासारख्या पोरापोरींच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायच्या आणि सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायच्या, हा त्यांचा उद्योग. जागा लाँड्रीच्या मागे होती. पण लाँड्रीवाल्याने नवीन मशीन आणलं आणि तेव्हापासून प्रत्येकाची गोष्ट धडधडत ऐकू यायला लागली. साहेबांना या कार्याची तळमळ वगैरे काही नव्हती. गट घरात शिरला की आपल्यालाही कुणीतरी दोन शब्द विचारेल, एवढाच त्यांचा डाव. (उभी हयात ऑफिसात घासली, पण "साहेब, तुमचं कसं चाललंय," असं शिपायानेही कधी विचारलं नव्हतं.)

बायको घरी केक करून विकायची. नेमकी पहिल्या रेकॉर्डिंगच्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाची ऑर्डर होती. तीन मजली केक, तिची पहिली मोठी ऑर्डर. केक धड पोहोचला तर तिचं नाव गावभर होणार होतं, आणि धड नाही पोहोचला तरी होणार होतं, हे ती ओळखून होती. फ्रिज बाहेरच्याच खोलीत. केक आत ठेवून ती बाजारात खोका आणायला निघाली आणि दारातून बजावून गेली, "फ्रिजला हात लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत तो माझा आहे."

त्या दिवशी आपली गोष्ट सांगायला आलेले पाहुणे होते बसड्रायव्हर. लेकीने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, हेडफोन कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. फ्रिज घरघरत होता.

"बाबा, थोडा वेळ बंद करू या. तेवढ्यात केकला काही होत नाही. पण आमचा नियम आहे. जो बंद करेल त्याने आपली किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची."

मागे कुणाच्या तरी घरी फ्रिज तसाच बंद राहून दूध नासलं होतं, तेव्हापासून गटाने हा नियम केला होता. किल्लीशिवाय माणूस बाहेर पडत नाही, किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो, आणि उघडला की आतला अंधार बघून बटण आठवतं. साधी गोष्ट. कुठल्याही शहाण्या माणसाला कळली असती.

पण साहेबांचा नियमांशी जुना घरोबा. कुठली किल्ली, हे नियमात म्हटलेलं नाही, हे त्यांच्या चटकन लक्षात आलं. स्कूटरची चांगली किल्ली उगाच गार कशाला करायची? त्यांनी माळ्यावरच्या फुटक्या ट्रंकेची गंजकी किल्ली शोधून काढली, केकच्या वरच्या जाळीवर ठेवली (हात लावला नाही, दोन बोटं लावली) आणि बटण बंद केलं.

"ठेवली," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

ड्रायव्हर फार छान बोलले. लोकांना आपली फक्त मान माहीत आहे, चेहरा कुणाला आठवत नाही, म्हणाले. मग लेकीने सगळ्यांना थोडा वेळ गप्प बसायला सांगितलं. बोलण्याच्या सांध्यांमध्ये भरायला त्या खोलीतली नुसती शांतता लागते म्हणे. साहेब खोकले. पुन्हा सुरू केलं, तर त्यांनी "झालं का?" विचारलं. तिसऱ्यांदा, शांतता का आवश्यक आहे, हे ते वेल्डरला समजावून सांगू लागले. लेकीने नाद सोडला.

एव्हाना साहेबांचा धीर सुटला होता. कुणी विचारेना, म्हणून त्यांनी स्वतःच माइक पुढे ओढला. फायली कशा लावाव्यात, बढती कुणी अडवली, जुने साहेब कसे होते आणि नवे कसे नाहीत. ड्रायव्हर जांभया गिळत होते. शिवणकामवाली घामाने निथळत होती. उन्हं भिंतीवर चढली तरी साहेब तरुणपणातच होते. शेवटी बायकोचा फोन आला, खोका मोठा आहे, न्यायला या. लेक हेडफोन लावून खाली मान घालून बसली होती, तेवढ्यात साहेबांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली आणि निघाले.

खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि लेक निश्चिंत झाली. स्कूटर निघाली म्हणजे किल्ली निघाली, किल्ली निघाली म्हणजे फ्रिज सुरू झाला. घरघर ऐकू येत नाही, तर फ्रिज मधूनमधून थांबतो तसा थांबला असेल. बाबा नाहीत तोवर ती शांतता उरकून घेऊ, म्हणून तिने सगळ्यांना पुन्हा गप्प बसवलं. तेवढ्यात दार उघडलं.

बायकोने खोका ठेवला आणि फ्रिज उघडला. आत अंधार. वरचा मजला गुडघे टेकून बसला होता, क्रीम ओघळून ताटात आली होती, आणि मधोमध, जाळीतून खाली पडलेली, ट्रंकेची किल्ली उभी रुतली होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं.

"मिक्सरने तुमची झोप मोडते म्हणून मी पहाटे क्रीम हाताने फेटते. कुणी आलं की माझी भांडी ओट्याखाली जातात. आजवर एक शब्द बोलले नाही. कष्टकऱ्यांच्या गोष्टींसाठी घर दिलंत, चांगलं केलंत. पण त्यातली एक या फ्रिजमध्ये होती हो. तिचंच बटण बंद केलंत."

साहेबांनी तोंड उघडलं. आत काही सापडेना, म्हणून मिटलं. खोलीत कुणी हललं नाही. बराच वेळ.

मग आधी ड्रायव्हरांनी बाह्या सरसावल्या. खालचे दोन मजले शाबूत होते, नुसती क्रीम खरवडायची होती. वेल्डर ताजी क्रीम घेऊन आला, बाकीचे पाळीपाळीने फेटायला बसले. मिक्सर भर दिवसा पूर्ण आवाजात चालला आणि साहेबांना खोका धरून उभं राहण्याचं काम मिळालं. वरचा मजला किल्लीसकट टाकून दिला. दोन मजली केक रिक्षातून निघाला, शेजारी ड्रायव्हर, रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला शिकवत. बायकोने डॉक्टरीणबाईंना जे झालं ते सरळ सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि पुढच्या महिन्याचा केकही सांगून ठेवला.

कार्यक्रम रविवारी आला. साहेबांनी सगळ्या ऑफिसला आधीच कळवून ठेवलं होतं. आधी ड्रायव्हर बोलले. मग बायको, फ्रिजसमोरचा शब्द न् शब्द, तिची परवानगी घेऊन. मग कार्यक्रम संपला.

"आणि मी?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही आहात की, बाबा," लेक म्हणाली. "ड्रायव्हरकाका आणि आई यांच्यामध्ये जी शांतता आहे ना, ती तुमची. आई बोलल्यावर तुम्ही नुसते उभे होतात, तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं. इतकी स्वच्छ शांतता आम्हाला आजवर कुठे मिळाली नव्हती. आता सगळ्या भागांत तीच वापरणार."

यात अभिमान वाटून घ्यावा की काय, याचा साहेब विचार करत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला.

"तेवढी माझ्या मोबाइलवर पाठवून ठेव गं," बायको म्हणाली. "घरात लागते."