बयाबाईचे मत

गावातील मतदारांस निवडणुकीचा व मेंबराच्या कामाचा अर्थ शाळामास्तरांनी नीट समजावून द्यावा, असा हुकूम डिसेंबर १९३६ मध्ये टाकवे बुद्रुकच्या शाळेत आला. हौशीराम गुरुजींनी तो दोनदा वाचला. सरकारने काही समजावून द्यायला सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. एरवी ते नुसते कळवायला सांगत असे.

चावडीवर गाव जमला. गुरुजी म्हणाले, "आपण एक माणूस निवडायचा. तो असेंब्लीत बसेल, कायदा होताना आपलं म्हणणं मांडेल, आणि मुख्य म्हणजे सरकारला प्रश्न विचारेल."

"इचारंल, पन सरकार उत्तर दील का?" गेणू पाटलांनी शंका काढली.

"द्यावंच लागतं."

"मंग त्या सरकारला आमच्या घरी धाडा," खांबाआडून रतनबाई पाटलीण म्हणाली. "आमचं मानूस वीस इचारलं तर एकाला हूं म्हनतं."

हसणे ओसरल्यावर गुरुजींनी यादी वाचली. एकवीस पुरुष, शेतसारा भरणारे. बाविसावे नाव आले, "बयाबाई भिमाजी", आणि गुरुजींची जीभ अडली.

"बयाला मत?" रतनबाई खांबाच्या पुढे आली. "आन मला न्हाई? कशापायी वो गुरुजी?"

कारण पुढच्याच रकान्यात छापले होते: मयत शिपायाची आई. मुलाच्या पेन्शनीमुळे तिला मत होते. तो मुलगा, मारुती, मागल्या महायुद्धात बसऱ्याला पडला, हे गावात सर्वांना ठाऊक होते, एका बयाबाईला सोडून. १९१७ साली सरकारी पत्र आले तेव्हा ती तापाने फणफणली होती. नवरा भिमाजी गुरुजींचे पाय धरून म्हणाला, "येवढी बरी हूं द्या, मंग सांगू." बयाबाई बरी झाली. पुढच्या साली साथीत भिमाजीच गेला, आणि सांगायचे राहिले ते राहिलेच. पेन्शन 'मारुतीचा पगार' म्हणून येऊ लागली. नुसता पगार कसा येईल, म्हणून गुरुजी दिवाळीला आणि शिमग्याला मारुतीची पत्रे लिहू लागले, आणि स्वतःच तिला वाचून दाखवू लागले. पत्रांतून त्यांनी मारुतीला नाईक केले, हवालदार केले, जमादार केले, सुभेदार केले, सुभेदार-मेजर केले. त्यापुढे सरकारच आपल्या माणसाला चढवत नव्हते, तिथे गुरुजी काय करणार? रजा तेवढी मिळेना. वीस वर्षे सरकारला मारुतीवाचून करमत नव्हते.

बयाबाई समोरच बसली होती. गुरुजी घाईने म्हणाले, "ज्या बाईला वाचता येतं तिलाही मत असतं. बयामावशींना वाचता येतं."

नियम खरा होता. बाकीचे खोटे होते.

"बयाला?" रतनबाई ओरडली. "कालच्याला तुमालाच इचारीत हुती, पंचांगात आज काय हाय म्हनून!"

"आता... शिकतायत," गुरुजी म्हणाले. "मतदानापर्यंत येईल."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बयाबाई पाटी घेऊन हजर झाली. तिच्यामागे रतनबाई. बया वाचणार आणि पाटलीण बघत बसणार, हे होणे नव्हते. आठवड्यात नऊ जणी झाल्या. महिन्याभराने गेणू पाटील कुरकुरत आले. "गुरुजी, कारभारनीनं माझ्या ताकदीच्या औषदाची बाटली वाचली. ते बैलाचं निघालं."

"किती दिवस घेताय?"

"चार म्हैनं."

"गुण?"

"तसा हाय म्हना," पाटील विचारात पडून म्हणाले.

सर्वांत पुढे बयाबाई होती. साठीची बाई अक्षरे अशी उचलत होती की गुरुजींना मास्तरकीचा अभिमान वाटला. तो आठवडाभर टिकला. मग कारण कळले. मारुतीची सगळी पत्रे तिला तोंडपाठ होती. घरी गेल्यावर ती पाठ असलेला शब्द म्हणायची आणि कागदावर तो शोधायची.

एक दिवस ती फळ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, तुमचा ळ आगदी माज्या मारुतीवानी हाय बगा."

"माझ्याच हाताखाली शिकला ना तो," गुरुजी म्हणाले. मारुती लढाईवर निघाला तेव्हा गुरुजी गावात आलेही नव्हते. त्या दिवसापासून ते फळ्यावर डाव्या हाताने लिहू लागले. उजवा हात दुखतो, असे सांगितले. रतनबाईने हळदीचा लेप आणून दिला, तो त्यांना मतदानापर्यंत लावावा लागला.

फेब्रुवारीत यादी चावडीच्या भिंतीवर लागली. रतनबाईच पुढे झाली. "बया, वाच तुजं नाव. बगू दे समद्या बाप्यांना."

गुरुजी धावत आले तोवर बयाबाईचे बोट कागदावर टेकले होते. "ब... या... बा... ई."

बायकांनी गलका केला. पाटीलसुद्धा "भले!" म्हणाले.

"बस, बस! झाली परीक्षा," गुरुजी म्हणाले.

पण नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाचे बोट थांबत नाही. ते रेघ ओलांडून पुढच्या रकान्यात गेले.

"म... य... त."

रतनबाईने तोंडाला पदर लावला. बयाबाईने तो शब्द पुन्हा एकदा, या वेळी सलग वाचला. मग मागे वळून विचारले, "गुरुजी, ह्यो शबूद मला बरोबर लागला का?"

वीस वर्षे गुरुजींना काही ना काही सुचत आले होते.

"बरोबर," ते म्हणाले.

तिने उरलेले दोन शब्दही वाचले, कुठेही न अडता. मग पायात वहाणा सरकवल्या आणि घरी गेली. तिच्या दारापर्यंत जायला कुणाचे पाऊल उचलले नाही.

मतदान वडगावला होते. टाकव्याच्या मतदारांची ओळख पटवायला गुरुजींना टेबलापाशी बसवले होते. बयाबाई येणार नाही, अशी त्यांची खात्री होती. दुपारी ती आली. एकटी, चालत, धुतलेले लुगडे नेसून. गुरुजी टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत बसले.

कारकून तरुण आणि सभ्य होता. त्याने वाचले, "बयाबाई भिमाजी. मयत शिपायाची आई. बरोबर?"

"न्हाई."

"नाव चुकलं का?"

"नाव बरोबर हाय. मत मला वाचता येतं त्येचं हाय. ह्या गुरुजींनी चावडीवर समद्यांदेखत सांगितलंय."

कारकुनाने गुरुजींकडे पाहिले.

"आजी, वाचता येतं म्हणून मत हवं तर त्याचा अर्ज मुदतीत करायचा असतो. आज याच नोंदीवर मिळेल. नुसतं हो म्हणा आणि मताचा कागद घ्या."

"त्यो मेला, त्याला हो म्हनू? आन त्येच्या बदल्यात कागद घिऊ?"

कारकुनाने टाक खाली ठेवला.

"मंग ऱ्हाऊ द्या," बयाबाई म्हणाली. "म्होरल्या खेपंला अर्ज करीन. कवा हाय म्होरली?"

"पाच वर्षांनी, आजी."

"पाचच?" ती म्हणाली, आणि दाराकडे वळली. "थांबीन की. मला सवय हाय."