उणे चाळीस

व्याह्यांची गाडी दुपारी सव्वाबाराला परत द्यायची होती, आणि सकाळी साडेसातला ग्रंथपालांनी किल्ली फिरवली तर समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. लागला तो लागलाच. त्यांनी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं, दार आपटलं, काचेवर टिचकी मारली. दिवा आगंतुक पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला.

ग्रंथपाल निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. चौतीस वर्षं त्यांनी वाचकांना एकच गोष्ट शिकवली होती, की वस्तू घेतली तशी परत करावी. कुणी पान दुमडलं, तर ते त्याच्याकडे असं बघत की त्याला आठवडाभर अन्न गोड लागू नये. आणि आता मुलीच्या सासऱ्यांनी विश्वासाने चार दिवसांसाठी दिलेली गाडी त्यांच्याच हातात बिघडली होती. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. 'तुझ्या बाबांनी गाडीची वाट लावली' हे वाक्य लेक आता जन्मभर ऐकणार, रोज, जेवताना तोंडी लावायला.

पाठीमागे चाहूल लागली. पत्नी उभी होती. तिच्या बोटाच्या टोकावर काळ्या टेपचा नखाएवढा गोल तुकडा चिकटला होता. तो त्यांच्यापुढे धरून ती दुसऱ्या हाताने गाडीकडे बोट दाखवत होती. बोलत मात्र नव्हती. गेली नऊ वर्षं रोज दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे. ती लिहूनही दाखवत नसे. दाराला कुलूप लावून खिडकीतून पळायचं, हे तिच्या नेमात बसत नव्हतं. अगदीच गळ्याशी आलं तर बोट दाखवण्यापुरती सूट होती.

"टेप? वा! वायरीला लागेलच," म्हणत ग्रंथपालांनी तुकडा घेऊन खिशावर चिकटवला.

तिने डोळे मोठे केले आणि पुन्हा गाडीकडे बोट केलं.

"हो गं, गाडीलाच लावणार आहे. माझ्यासाठी थोडीच घेतलीय?"

तिने एक लांब श्वास सोडला, आभाळाकडे पाहून हात जोडले आणि ती आत गेली.

शेजारचे डॉक्टर धावून आले. ते दातांचे डॉक्टर, तेही निवृत्त. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण गाडीची नाडी बघायचं यंत्र होतं. ते त्यांनी स्टिअरिंगखाली खुपसलं आणि फोनकडे बघत गंभीर चेहरा केला.

"उणे चाळीस."

"काय उणे चाळीस?"

"इंजिनातल्या पाण्याचं तापमान."

ग्रंथपालांनी मानेवरचा घाम पुसला. आठ वाजले नव्हते तरी फरशी तापू लागली होती. "म्हणजे आत बर्फ झालाय?"

"नाही हो. तापमान मोजणारा सेन्सर गेलाय. त्यामुळे इंजिनाला वाटतंय, कडाक्याची थंडी पडलीय."

हे ओसरीवर बसलेल्या ग्रंथपालांच्या आईने ऐकलं. ती तरातरा आत गेली, शाल घेऊन आली आणि तिने ती इंजिनावर पांघरली.

"बिचाऱ्याला हुडहुडी भरलीय आणि तुम्ही दोघं त्याला उघडं टाकून गप्पा मारताय!"

"आई, थंडी नाहीये. त्याला नुसतं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे वाजतेच. मला वाजते तेव्हाही तू हेच म्हणतोस."

नऊ वाजता ग्रंथपाल सायकल मारत सुट्या भागांच्या दुकानात पोचले. "बसवणार कोण?" दुकानदाराने विचारलं. "दातांचे डॉक्टर," ग्रंथपाल म्हणाले. दुकानदाराने सेन्सरसोबत एक जादा वॉशर फुकट दिला.

परत आले तेव्हा डॉक्टर कपाळाला दिवा बांधून तयार होते. त्यांनी शाल बाजूला सारली आणि छोटा आरसा आत घातला. "हा बघा. थर्मोस्टॅटच्या शेजारी. मुळापासून काढावा लागेल."

"दुखेल का?" आईने विचारलं.

"थोडी कळ निघेल."

त्यांनी वायरीची क्लिप दातांच्या हत्याराने अलगद सोडवली. मग पाना लावला, गुडघा बंपरला टेकवला आणि दातओठ खाऊन जोर केला. सेन्सर निघाला, आणि त्याच्या मागोमाग हिरव्या पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर आली.

"चूळ भरा," डॉक्टर सवयीने म्हणाले. आईने बादली पुढे केली.

आता नवा बसवला की झालं, असं ग्रंथपालांना वाटलं. पण डॉक्टर हट्टाला पेटले. त्यांनी पातेलं मागवलं आणि दोन्ही सेन्सर त्याच्याशेजारी मांडले. "उकळल्याशिवाय मी आजवर कुणाच्या तोंडात काही घातलेलं नाही."

"मग जुना कशाला उकळताय?"

"रुग्णाचे नातेवाईक मागतात कधीकधी."

नातेवाईक म्हणजे व्याही, हे ग्रंथपालांच्या लक्षात आलं. घोटाळा नको म्हणून त्यांनी दोन्ही सेन्सरना दोऱ्याने सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठ्या बांधल्या : 'जुना' आणि 'नवा'. वीस मिनिटांनी झाकण उघडलं, तेव्हा पातेल्यात शाईचं पाणी, कागदाचा लगदा आणि जुळ्या भावांसारखे लखलखीत दोन सेन्सर होते.

"हा नवा," डॉक्टर म्हणाले.

"कशावरून?"

"चेहऱ्यावरून."

बसवला. पाणी भरलं. वायर लावून तिच्यावर तो टेपचा तुकडा गुंडाळला. किल्ली फिरवली. उणे चाळीस! आईने कपाटातून गोधडी काढली. सगळं पुन्हा सोडवलं. या वेळी डॉक्टर चिळकांडीतून बाजूला झाले; मागे ग्रंथपाल होते. दुसरा सेन्सर बसवला आणि सगळ्यांनी फोनकडे श्वास रोखून पाहिलं.

छत्तीस.

डॉक्टरांनी यंत्रावरून जुनी तक्रार पुसली. पिवळा दिवा विझला. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. ग्रंथपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं हिरवं होतं.

बाराचे ठोके पडले तशी पत्नी बाहेर आली. "अहो, तो दिवा आधीपासूनच होता," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच्यावर तो टेपचा तुकडा होता. दुसऱ्याची वस्तू आणली त्याहून स्वच्छ करून द्यावी, म्हणून पहाटे मी गाडी आतून पुसली. मला वाटलं, मळ आहे. खरवडून काढला."

ग्रंथपालांची छाती फुगली. "म्हणजे व्याह्यांनी आपल्याला बिघडलेली गाडी दिली? वर झाकून? येऊ देत! तोंडावर विचारतो."

"विचारा ना," ती म्हणाली. "फक्त रोज रात्री त्यांच्या पंगतीला आपली लेक बसते, एवढं ध्यानात ठेवून विचारा."

व्याही सव्वाबाराला हजर झाले. गाडीभोवती फिरले, खूश झाले, आत बसले. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मग त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच खिळली. टेप नव्हती. दिवाही नव्हता. त्यांनी अंगठ्याने ती जागा चोळून पाहिली.

"इथे एक पिवळा दिवा होता," ते खोल आवाजात म्हणाले. "तीन वर्षं अखंड जळत होता हो. एक दिवस विझला नाही. चार दिवसांत गेला?"

ग्रंथपाल बाहीवरचा हिरवा डाग चोळू लागले.

"असू द्या, असू द्या!" व्याह्यांनी खिडकीतून हात काढून त्यांचा खांदा थोपटला. "वापरात एखादा बल्ब जायचाच. मनाला लावून घेऊ नका. सूनबाईला मी एका शब्दाने बोलणार नाही."

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. पत्नी त्यांच्याकडे शांतपणे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं.

आईने मात्र पुढे होऊन घडी घातलेली शाल व्याह्यांच्या मांडीवर ठेवली. "राहू द्या जवळ. पुन्हा हुडहुडी भरली, तर पांघरा त्याच्यावर."

व्याह्यांनी आधी शालीकडे पाहिलं, मग भर उन्हाकडे, मग ग्रंथपालांकडे.

ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवलं, आभाळाकडे पाहून हात जोडले, आणि उद्या दुपारी बारापर्यंतचं मौन तिथल्या तिथे सुरू केलं.